बारनिशीतले भाऊसाहेब

कलेक्टर कचेरीत बारनिशी नावाची एक शाखा असते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी तिथे येतो, त्यावर गोल शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो आणि मग तो आपल्या नशिबात असेल त्या टेबलाकडे रवाना होतो. कलेक्टर येतात आणि जातात. बारनिशीतले भाऊसाहेब तिथेच असतात. जिल्ह्याची सगळी रड, राग, लाचारी आणि लबाडी त्यांच्या हाताखालून गेलेली असते, तीही दोन प्रतींत. असे भाऊसाहेब निवृत्त झाले की पुढे काय करतात? बरेचसे देवळाच्या ट्रस्टवर जातात, काही गुडघ्यांवर जातात. आमच्या सोसायटीतले भाऊसाहेब इंटरनेटवर गेले.

मुलाच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना त्यांनी कचेरीतून फक्त एक गोष्ट बरोबर आणली होती, ती म्हणजे नाक. समोर आलेलं निवेदन लोकांनी दिलेलं आहे की लोकांकडून देववलेलं आहे, हे त्यांना कागद हातात घेताच कळत असे. ते म्हणत, "निवेदन वाचायचं नंतर. आधी हुंगायचं."

यामागे तंत्र होतं. खरं निवेदन वहीतून फाडलेल्या कागदावर येतं, समासाची लाल रेघ तशीच असते. विषय विहिरीचा असतो, पण दुसऱ्या परिच्छेदात ग्रामसेवकाचा मेव्हणा येतो आणि तिसऱ्यात एसटीचा थांबा. सह्या तीन-चार शाईंच्या असतात. एखादी सही करून खोडलेली असते, कारण त्या माणसाचं पारावरच भांडण झालेलं असतं. 'कळावे' लिहून झाल्यावर ताजा कलम असतो आणि खरी तक्रार बहुधा तिथे असते. देववलेलं निवेदन मात्र पांढरंशुभ्र, टंकलिखित आणि एकाच विषयाला घट्ट धरून असतं. त्याखाली चारशे सह्या, सगळ्या एकाच निळ्या पेनच्या, आणि ओळीने साठ अंगठे. भाऊसाहेबांनी एकदा भिंगातून पाहिलं तर साठही जणांच्या डाव्या अंगठ्याला एकाच जागी कापल्याची खूण होती.

त्यांच्या लेखी सगळ्यात भरवशाची परीक्षा मात्र पोचेची. खरी माणसं पोच मागतात, मिळाली की तिथेच उभं राहून ती वाचतात, चुकलेली तारीख दुरुस्त करून घेतात आणि घडी घालून टोपीत ठेवतात. भाड्याची माणसं पोच मागत नाहीत. ती फोटो काढतात आणि जातात.

या विद्येला इंटरनेटवर वाव मिळाला तो २०१५ साली. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एक सल्लामसलतीचा कागद काढला. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांना नियम लावावेत का आणि कोणत्या संकेतस्थळापर्यंत ग्राहकाने किती वेगाने आणि किती पैशांत पोचायचं हे मोबाइल कंपन्यांना ठरवू द्यावं का, असा साधारण मामला होता. कागद ११८ पानांचा, प्रश्न वीस. एवढा कागद सामान्य माणूस वाचणार नाही, ही बहुधा तो लिहिणाऱ्यांचीही अपेक्षा असावी. भाऊसाहेबांनी तो प्रिंट काढून, पंच करून, लाल फितीत बांधून वाचला. मग निखिल पाहवा आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी 'सेव्ह द इंटरनेट' नावाची मोहीम उघडली, वीसही प्रश्नांची उत्तरं तयार करून ठेवली आणि एआयबी या विनोदी मंडळींनी एप्रिलमध्ये त्यावर एक व्हिडिओ काढला. बघता बघता ट्रायच्या मेलपेटीत दहा लाखांवर मेल जाऊन पडले. फ्लिपकार्टने एअरटेलच्या 'झिरो' योजनेतून पाय मागे घेतला. भाऊसाहेबांची सूनबाई आयटीत, तिनेही मेल केला आणि सासऱ्यांकडूनही करवून घेतला.

एप्रिल संपता संपता ट्रायने एक अजब गोष्ट केली. आलेले सगळे मेल, पाठवणाऱ्यांच्या मेलपत्त्यांसकट, आपल्या संकेतस्थळावर उघड्यावर ठेवले. देशभर ओरड झाली. दहा लाख माणसांचे पत्ते जाहिरातवाल्यांच्या पुढ्यात वाढून ठेवले म्हणून सूनबाईने डोक्याला हात लावला. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. उभ्या देशाचं आवक टपाल! शिक्का नाही, क्रमांक नाही, पण टपाल! संकेतस्थळ अधूनमधून बंद पडायचं, तेवढ्यात ते जेवून घेत.

"बाबा, काय वाचताय एवढं? सगळ्यांनी एकच मजकूर पाठवलाय," सूनबाई म्हणाली.

"नाही गं. हा बघ, याने वीसपैकी तीनच उत्तरं ठेवलीत. याने सगळी ठेवलीत आणि वर बिलाची तक्रार घातलीय. या बाईने मंत्र्यांना शिव्या घातल्यात आणि खाली 'आपली विश्वासू' लिहिलंय." एवढं बोलून त्यांनी समाधानाने चष्मा पुसला. "मळलेला आहे कागद. चांगला मळलेला आहे."

खरी कसोटी लागली ती डिसेंबरात. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने 'फ्री बेसिक्स' आणलं होतं. ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना पैसे. फुकटात काय काय असावं हे अर्थातच फुकट देणारा ठरवणार. ट्रायने ९ डिसेंबरला डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल नवा कागद काढला आणि यावेळी शहाणपणाने चारच प्रश्न विचारले. त्याबरोबर फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, फलक लावले आणि भारतातल्या आपल्या सदस्यांपुढे एक सूचना ठेवली: फ्री बेसिक्स वाचवा, हे बटण दाबा, ट्रायला मेल जाईल. तुमच्या ओळखीच्या कुणी मेल पाठवला असला तर त्याचं नावही दिसायचं.

एका दुपारी भाऊसाहेबांच्या पडद्यावर ते नाव आलं. त्यांच्या पत्नीचं.

त्या वेळी मी त्यांच्याकडे सोसायटीच्या पाणीपट्टीचा कागद दाखवायला गेलो होतो, म्हणून पुढचा प्रसंग मला पाहायला मिळाला. भाऊसाहेबांनी आवाज न चढवता हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये." काकू पदराला हात पुसत आल्या.

"तू ट्रायला निवेदन दिलंस?"

"कुणाला?"

"ट्रायला. दिल्लीला."

"मी कशाला दिल्लीला निवेदन देऊ? मी साधी वॉर्ड ऑफिसला जात नाही."

"इथे तुझं नाव आहे. तू डिजिटल समानतेला पाठिंबा दिलायस."

काकूंनी पडद्यावर वाकून पाहिलं. "हां, ते होय! काहीतरी फुकट होतं. सारखं मधे येत होतं, ताईच्या नातीचे फोटो दिसेनात. मी म्हटलं, हो बाई हो."

"मजकूर वाचलास?"

"अहो, दूध उतू जात होतं."

भाऊसाहेबांनी वही ओढली आणि लिहिलं: 'अर्जदारास समक्ष विचारणा केली. सदर निवेदनातील मजकूर अर्जदारास ज्ञात नाही. निवेदन दुधाच्या कारणास्तव दिल्याचे सांगतात.' खाली त्यांनी काकूंची सही मागितली. काकू आत निघून गेल्या. भाऊसाहेबांनी वहीत नोंद केली, 'सहीस नकार.'

त्याच आठवड्यात मार्क झुकरबर्ग यांचा लेख टाइम्स ऑफ इंडियात आला. त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला होता. फ्री बेसिक्सवर हवामान बघून तो पावसाळ्याची तयारी करतो, बाजारभाव बघून माल विकतो आणि आता नवं पीक आणि जनावरं घेतोय, असं त्यात म्हटलं होतं. भाऊसाहेबांनी लेख तीनदा वाचला. "गाव नाही. तालुका नाही. गट नंबर नाही," ते म्हणाले. "महाराष्ट्रातला शेतकरी हा काय पत्ता झाला? या पत्त्यावर नोटीससुद्धा बजावता येत नाही." त्यातून ते वर्ष दुष्काळाचं. मराठवाड्यात जनावरं छावणीला लावायची वेळ आलेली, आणि पुढच्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा साली जनावरं विकत घेणारा गणेश त्यांच्या मनातून जाईना. जुन्या ओळखीच्या दोन तलाठ्यांना त्यांनी फोनही केले. त्यांनी सांगितलं की आपल्या सज्जात गणेश भरपूर आहेत, पण कुणी बोललं नाही.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, असेल की एखादा खरा गणेश."

"असेलच. मी कुठे नाही म्हणतो? माणूस खरा आहे. पण अर्ज त्याचा नाही." आणि मग जरा वेळाने म्हणाले, "त्याला कुणी विचारलंय का, की बाबा, तुला निवडक फुकट हवंय की सगळं स्वस्त हवंय?"

मला विचाराल तर त्या सगळ्या वादावर मी ऐकलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य आहे. गरिबांना इंटरनेट नको असं कुणीच म्हणत नव्हतं. पण ज्या गरिबांच्या नावाने पानभर जाहिराती निघत होत्या, त्यांची सही कुठेच नव्हती. जाहिरातीच्या तळाशी फेसबुकचं नाव होतं, एवढं श्रेय मात्र त्यांना द्यायला हवं. आमच्याकडचे बरेचजण तेही छापत नाहीत.

७ जानेवारी २०१६ ला मुदत संपली तेव्हा ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिक्रिया होत्या. त्यांतल्या जवळपास १९ लाख फ्री बेसिक्सच्या साच्यातल्या. काही थेट फेसबुकच्या मेलपत्त्यावरून आलेल्या, बाकीच्या त्यासाठीच उघडलेल्या एका संकेतस्थळावरून. विचारलेले प्रश्न चार, आणि या लाखो उत्तरांत त्या चारांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं. ट्रायने फेसबुकला पत्र लिहिलं की लोकांशी अर्थपूर्ण सल्लामसलत करायची ती सोडून तुम्ही तिचा ओबडधोबड, घडवून आणलेला बहुमताचा कौल करून टाकला आहे. पत्र इंग्रजीत होतं. भाऊसाहेबांनी ते शब्दकोश घेऊन वाचलं आणि लॅमिनेट केलं. "सरकारी पत्रात इतकी चांगली भाषा मी नोकरीत कधी पाहिली नाही," ते म्हणाले. ८ फेब्रुवारीला ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घातली, मोडल्यास दिवसाला पन्नास हजार, जास्तीत जास्त पन्नास लाख दंड. दंडाचा दर लिहिलेला पाहून त्यांना विशेष बरं वाटलं. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स गुंडाळलं. काकूंना ताईच्या नातीचे फोटो पुन्हा दिसू लागले होते, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

सूनबाई मात्र नाइलाजाने का होईना, न्यायी. ती एका रविवारी म्हणाली, "बाबा, पण एप्रिलमधला आपला मजकूरही तयारच होता ना? तुम्हीही तोच पाठवलात. आणि आपल्या बाजूला सगळे फकीर नव्हते. स्टार्टअपवाल्यांनी पाठिंबा दिला तो काय देशसेवा म्हणून? त्यांचाही धंदाच होता."

भाऊसाहेब दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी जिन्यात मला गाठून त्यांनी उत्तर दिलं, म्हणजे ते बहुधा तिच्यासाठी होतं, पण सुनेपुढे फेरविचार मांडणं त्यांना जड गेलं असावं. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसायचा, ते म्हणाले. अर्ध्या जिल्ह्याचे अर्ज त्याच्याच भाषेत असायचे. 'सविनय सादर' पासून 'न्याय मिळावा' पर्यंत सगळं त्याचं. तरी माणूस टेबलापुढे आला की मी विचारायचो, काय लिहिलंय यात? आणि तो त्याच्या भाषेत सगळं घडाघडा सांगायचा, वर अर्ज लिहिणाऱ्याने काय गाळलं तेही सांगायचा. मजकूर कुणाचा याने काही बिघडत नाही. सांगता आलं पाहिजे, आणि कागदाचे पैसे कुणी दिले ते विचारल्यावर राग येता कामा नये.

या शेवटच्या प्रश्नाने त्यांनी पुढे सोसायटीला पुष्कळ त्रास दिला. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू होती. रातोरात एक मंच उगवला, नावात 'जागरूक' होतं. गेटवर गुळगुळीत फ्लेक्स, सभेला सामोसे, आणि जे कधी वार्षिक सभेला आले नव्हते ते एकदम लोकशाहीबद्दल बोलू लागले. भाऊसाहेब उठले आणि म्हणाले, "माझा विषय एवढाच की सामोसे कुणाचे?" सभा तिथेच मोडली. मंचाची मागणी बरोबर होती, हे पुढे त्यांनीच मला सांगितलं. "पण मागणी बरोबर असणं आणि मागणारा खरा असणं या दोन वेगळ्या शाखा आहेत. एकीचा कागद दुसरीकडे फिरवायचा नाही."

अर्थात नाक इतकं तीक्ष्ण झालं की ते बंद करता येत नाही. डोसा सेंटरच्या कौतुकाच्या प्रतिक्रियांत 'चटणी' सगळीकडे ऱ्हस्व णि काढून लिहिलीय हे त्यांनी शोधलं आणि तिथे जाणं सोडलं. सत्तरीच्या वाढदिवशी सोसायटीच्या ग्रुपवर बावीस जणांनी त्याच फुलांचं तेच चित्र पाठवलं, तेव्हा आभार मानण्याऐवजी त्यांनी लिहिलं, 'सदर शुभेच्छा एकाच उगमाच्या दिसतात.' काकू त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

हा छंद लवकरच परदेशातही पोचला. न्यू जर्सीचा पुतण्या जे काही पाठवेल ते भाऊसाहेब छापून घेत. २००१ साली मायक्रोसॉफ्टवर खटला चालू असताना युटा राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे नागरिकांची शेकडो पत्रं आली, त्यांतली दोन मृतांच्या नावांची, नावं खोडून घरच्यांनी सही केलेली, आणि एक युटातल्या टुसॉन या गावाहून, जे युटात नाहीच. भाऊसाहेबांनी नातवाचा नकाशा काढून टुसॉन ॲरिझोनात सापडेपर्यंत जेवण थांबवलं. मृतांचं त्यांना आश्चर्य नव्हतं. "आपल्याकडे मेलेल्याच्या नावावर फार तर सात-बारा राहतो," एवढंच म्हणाले. फेब्रुवारी २००८ मध्ये हार्वर्डला नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांना सारखीच वागणूक द्यावी या तत्त्वावर, सरकारी सुनावणी होती, तिथे कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने पैसे देऊन माणसं खुर्च्यांवर बसवली, आणि त्यांतले काही झोपले. आपल्या माणसांसाठी जागा धरून ठेवल्या, असा कंपनीचा खुलासा. "झोपले ना? मग प्रामाणिक माणसं होती," भाऊसाहेब म्हणाले. "खोटी असती तर टाळ्या वाजवल्या असत्या."

मग २०२१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांचा अहवाल आला. २०१७ साली एफसीसीपुढे, म्हणजे अमेरिकेच्या ट्रायपुढे, नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमांवर २ कोटी २० लाखांवर प्रतिक्रिया आल्या होत्या, त्यांतल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट. ब्रॉडबँड कंपन्यांच्या मोहिमेने ४२ लाख डॉलर खर्चून ८५ लाखांवर खोट्या प्रतिक्रिया पाडून घेतल्या होत्या, 'ब्रॉडबँड फॉर अमेरिका' या नावाने. "नावात जनता जितकी जास्त, तितकी आत कमी," भाऊसाहेबांचा शेरा. काम कंत्राटाने दिलेलं. गिफ्ट कार्डाचं, बक्षिसाचं आमिष दाखवून लोकांची नावं गोळा करायची, तीही न जमल्यास जुन्या यादीतून उचलायची. कंपन्यांना हे थेट माहीत असल्याचा पुरावा मिळाला नाही, हे वाचून ते मनापासून हसले. "वरच्याला माहीत नसतंच. आमच्याकडेही नसायचं." तीन कंत्राटदारांना मिळून ४४ लाख डॉलरचा भुर्दंड पडला, हे त्यांनी लाल शाईत उतरवलं.

सगळं त्यांच्या मनासारखं चाललं होतं. मग ते पुढच्या पानावर गेले.

नियम ठेवा म्हणणाऱ्या बाजूनेही ९३ लाख प्रतिक्रिया खोट्या होत्या. त्यांतल्या ७७ लाख कॅलिफोर्नियातल्या एका १९ वर्षांच्या कॉलेजच्या पोराने घरबसल्या, सॉफ्टवेअरने नावं-पत्ते पाडून, एकट्याने पाठवल्या होत्या. कंपनी नाही, कंत्राट नाही, सामोसे नाहीत. आणि बाजू भाऊसाहेबांचीच.

ही माहिती त्यांच्या वहीत बसेना. वहीला पाच रकाने होते: नाव, गाव, विषय, खर्च कोणाचा, शेरा. ७७ लाख नावांच्या जागी त्यांनी एकच नाव लिहिलं असतं, पण अहवालात ते दिलेलं नव्हतं. गाव तेवढं कळत होतं, तेही राज्यापुरतं. गणेशसारखंच झालं हे, असं ते स्वतःशीच पुटपुटले. खर्चाच्या रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. तीन संध्याकाळी ते बाल्कनीत वही उघडी ठेवून बसले. पोराला काय मिळालं? पोच तर मिळाली नसणार. मिळाली असती तरी ७७ लाख पोचा कोण वाचेल? पुतण्याला त्यांनी रात्री अकराला फोन करून विचारलं की तो मुलगा कोणत्या वर्षाला होता. पुतण्या म्हणाला, "काका, मला कसं माहीत?"

काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एकोणीस वर्षांचं पोरगं आहे. परीक्षा जवळ आली असेल. आपल्या बंड्याने बारावीला असताना अभ्यास सोडून सायकल उघडून परत जोडली नव्हती का, तेही दोनदा?"

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खर्चाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात काकूंचं म्हणणं शब्दशः उतरवून घेतलं. सही मात्र यावेळी काकूंनी स्वतःहून केली, आणि मजकूर वाचून.